खाणीचं पहिलं कंत्राट घेण्याआधी

बेळगावच्या खानापूर तालुक्यातला माझ्या ओळखीचा एक कंत्राटदार आहे. दोन टिपर, एक पोकलेन, नऊ माणसं. आजवर त्यानं रस्त्यांची, तलावातला गाळ काढायची, शेतं सपाट करायची कामं केली. मग मुडलगी-लोकापूर पट्ट्यात एका चुनखडीच्या खाणीवर वरची माती हटवायचं काम मिळालं. पहाटे चारला गाड्या निघाल्या आणि साडेआठला फाटकावरूनच परत फिरल्या. सुरक्षारक्षकानं विचारलं, "व्हीटी आहे? फॉर्म ओ आहे? ड्रायव्हरांचं ऑथरायझेशन?" यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं, आणि हे शब्दही तो पहिल्यांदाच ऐकत होता.

मी अशा छोट्या कंत्राटदारांची कागदपत्रं करून देतो, म्हणून त्याचा फोन मला आला. आवाजात राग होता. "बारा वर्षं पोकलेन चालवतोय माझा ऑपरेटर. ह्यांना आणि कसला दाखला पाहिजे?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणारा हा एकटा नाही. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशभर लागू झाल्या. १९५२ चा खाण कायदाही त्यांपैकी एका संहितेत, म्हणजे कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेत, सामावला गेला. तेव्हापासून "आता जुने नियम गेले म्हणे" असंही कानावर येतंय. गेलेले नाहीत. खाण कायद्याखाली वर्षानुवर्षं जे नियम बनले, ते नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढे, नवे येईपर्यंत चालूच राहतात. म्हणून फाटकावर आजही तेच कागद मागतात.

खाण म्हणजे फक्त खड्डा नव्हे

आपल्याकडे खाण म्हटलं की बळ्ळारीचं लोखंड किंवा कोलारचं सोनं आठवतं. पण खनिज मिळवण्यासाठी केलेलं कुठलंही खोदकाम कायद्याच्या लेखी खाण आहे. खानापूरच्या पश्चिमेला जांभा दगडाचे चिरे काढतात ती जागा, बेळगाव-चिकोडी-निपाणीकडे खडीसाठी फोडलेला काळा दगड, यादवाड-लोकापूरकडची सिमेंटसाठीची चुनखडी, जोयडा भागातलं जुनं मँगनीज, सगळं त्यात येतं. खड्ड्याच्या भोवतीचंही पुष्कळ येतं. आवारातलं वर्कशॉप, माल ठेवायची जागा, खाणीचाच भाग असलेला क्रशर, टाकाऊ मातीचा ढीग, हे सारं खाणच.

सीमाभागात एक गोंधळ हमखास होतो. खाणीचा परवाना, म्हणजे लीज, राज्य सरकारचं खाण आणि भूविज्ञान खातं देतं. चंदगडचा माणूस महाराष्ट्राच्या खात्याकडे जातो, खानापूरचा कर्नाटकाच्या. त्यामुळे वाटतं की सुरक्षेचे नियमही राज्य बदललं की बदलत असतील. तसं नाही. खाण-सुरक्षा हा केंद्राचा विषय आहे आणि ती बघणारी संस्था म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय. खाणीवर तिला सगळे 'डीजीएमएस' म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो. १९०२ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं मुख्यालय धनबादला आहे. सुरुंगाच्या दारूचा परवाना हे तिसरंच दार, त्याची केंद्रीय संस्था नागपूरला. एका दारातून कागद मिळाला म्हणून दुसरं दार आपोआप उघडत नाही. "लीज आहे, सगळं कायदेशीर आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे तीनांपैकी एकाच दाराची किल्ली आहे असं समजा.

"मी तर नुसता टिपर लावतोय"

कंत्राटदाराचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. त्याला वाटतं, खाण मालकाची, जबाबदारी मालकाची, आपण भाडेकरू. कायदा उलट सांगतो. खाणीचं किंवा तिच्या एखाद्या भागाचं काम करणाऱ्या कंत्राटदाराला हा कायदा जणू तोच मालक आहे अशा रीतीनं लागू होतो, आणि त्यामुळे मूळ मालकाची जबाबदारी जराही कमी होत नाही. जुन्या कायद्यातली ही तरतूद नव्या संहितेतही आहे. जबाबदारी दोघांत वाटली जात नाही, दोघांवरही पुरी पडते. एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर कर्ज काढलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या, तर बँक ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे पुरी रक्कम मागते. तसंच हे.

माणसांचंही तसंच. पगार तुम्ही देता की कंपनी, हे कायदा आधी बघत नाही. खाणीच्या कामावर, तिथली यंत्रं दुरुस्त करण्यावर किंवा तिथलं बांधकाम करण्यावर माणूस आहे ना? मग तो खाणीत नोकरीला असलेला माणूस. खाणीच्या हजेरीपटावर त्याचं नाव हवं. एक दिवस वेल्डिंगला आलेल्या मेस्त्रीचंसुद्धा.

माझं मत विचाराल तर एवढं एक कळलं तरी अर्धं काम झालं. पुढची सगळी कटकट याच एका गोष्टीतून निघते: फाटकाच्या आत पाऊल टाकलं की तुम्ही बाहेरचे राहत नाही.

"आमची खाण लहान आहे, आम्हाला नियम नाहीत"

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा समज धोक्याचा आहे. मुरूम, जांभा, खडी, साधी वाळू, बांधकामाचा दगड, चुनखडी अशा ठरावीक खनिजांच्या लहान खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट आहे. उघड्या खाणीसाठी त्याच्या अटी तीन: खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं कामावर नकोत, आणि स्फोटकं अजिबात नकोत. तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच सूट. एक मोडली की सगळा कायदा लागू.

लोक फसतात ते खोलीच्या मापात. खोली मोजायची ती खोदकामाच्या सगळ्यात उंच बिंदूपासून सगळ्यात खालच्या बिंदूपर्यंत. डोंगराच्या कुशीत खाण असेल तर रस्त्याकडून ती सपाट अंगणासारखी दिसते, ट्रॅक्टर थेट आत जातो. पण मागची भिंत वर मान करून बघावी लागत असेल तर ६ मीटर कधीच ओलांडलेले असतात. साधारण वीस फूट म्हणजे दुमजली घराची उंची. टेप लावून बघा. आणि सगळं मापात असूनही मागच्या आठवड्यात कुणी दोन भोकं मारून जिलेटिन लावलं असेल, तर सूट संपली.

सूट असलेल्या खाणीतही काही गोष्टी सुटत नाहीत. निरीक्षकाला तिथे येण्याचा अधिकार आहे, आणि अठरा वर्षांखालचं पोर तिथे कामाला ठेवता येत नाही. शाळेला सुट्टी लागली म्हणून बापाबरोबर चिरे उचलायला आलेला मुलगाही यात आला. मला हे पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं, कारण मी अशी पोरं बघितली आहेत.

फाटकावर काय मागतात आणि का

'व्हीटी' म्हणजे १९६६ च्या नियमांप्रमाणे घ्यायचं व्यावसायिक प्रशिक्षण. खाणीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला कामाला लावण्याआधी ते द्यावं लागतं, काही वर्गात, काही प्रत्यक्ष खाणीत, आणि ठरावीक काळानं उजळणीही करावी लागते. बारा वर्षांच्या अनुभवी ऑपरेटरला हे कशाला? कारण त्याचा अनुभव मशिनचा आहे, खाणीचा नाही. रस्त्याच्या कामात त्याच्या डोक्यावर दरड नसते, मागून पन्नास टनांची गाडी येत नसते, आणि त्याच्या बादलीत न फुटलेला सुरुंग सापडत नाही. विहिरीत पट्टीचा पोहणारा पावसाळ्यात मलप्रभेत उतरणार असेल, तर आपण त्याला काठावर थांबवून दोन गोष्टी सांगतोच की.

'फॉर्म ओ' म्हणजे खाणकामाला माणूस तंदुरुस्त असल्याचा वैद्यकीय दाखला. भरतीआधी एकदा आणि पुढे जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. त्यात छातीचा एक्स-रे असतो. हा पहिला एक्स-रे फार मोलाचा. आज फुप्फुस स्वच्छ होतं याचा तो पुरावा आहे. दहा वर्षांनी कामगाराला धुळीचा आजार झाला तर भरपाई मागताना तो त्याच्या बाजूनं बोलतो. आणि आजार तुमच्याकडे येण्याआधीचा असेल, तर तुमच्याही बाजूनं. त्याची प्रत कामगाराच्या घरी ट्रंकेत राहील एवढं बघा.

ड्रायव्हरचं 'ऑथरायझेशन' म्हणजे खाणीच्या मॅनेजरनं दिलेली लेखी परवानगी. आरटीओचं हेवी लायसन्स पाहिजेच, पण तेवढं पुरत नाही. या खाणीत, ही गाडी, हा माणूस चालवील असं मॅनेजरच्या सहीनं ठरतं. म्हणून ड्रायव्हर रजेवर गेला की क्लीनरनं गाडी काढायची ही आपली रीत तिथे चालत नाही.

नव्या संहितेनं यात आणखी एकाची भर घातली आहे: प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र. आणि ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार लावत असाल तर परवाना.

दरड सांगून येते, आपण ऐकत नाही

कागद पुरे झाले. माणसं मरतात ती कशानं, ते बघू.

गवताची गंजी सगळ्यांनी पाहिली आहे. वरून काढायचा कंटाळा करून कुणी खालून उपसत गेलं की गंजी पोखरते, वरचा भाग लोंबतो आणि एका क्षणी अंगावर येतो. खाणीच्या भिंतीचंही तेच. खालून पोखरणं, म्हणजे पायथ्याचा माल काढून वरचा भाग अधांतरी ठेवणं, नियमानं साफ मना आहे. पोकलेनवाल्याला मात्र हाच मोह होतो, कारण बादली खाली सहज भरते आणि ट्रिपा वाढतात. ट्रिपेवर दर ठरला असेल तर मोह आणखी वाढतो. म्हणून दर कसा ठरवला हादेखील सुरक्षेचाच भाग आहे असं मी मानतो.

उपाय आपल्याकडच्या डोंगरउतारावरच्या भाताच्या खाचरांसारखा आहे. उतार एकसलग ठेवायचा नाही, पायऱ्या करायच्या. खाणीत त्यांना बेंच म्हणतात. माती, मुरूम अशा मऊ जमिनीत पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. पायऱ्या करायच्या नसतील तर बाजू ४५ अंशांपेक्षा उभी ठेवायची नाही. ज्वारीची रास हातानं कितीही उभी करायला गेलात तरी दाणे घसरून ती आपला उतार स्वतःच धरते. मातीही तेच करते, फक्त ती वाट बघते. कठीण दगडातही पायरी साधारणपणे ६ मीटरच्या आत ठेवतात, त्याहून उंच हवी तर डीजीएमएसची परवानगी लागते. वरच्या कडेपासून ३ मीटरच्या आत सुटे दगड, झाडं, मातीचे ढीग ठेवायचे नाहीत.

आपल्याकडे यात पावसाची भर पडते. खानापूरकडे पाऊस कसा कोसळतो ते वेगळं सांगायला नको. पाणी फटींत शिरतं, मातीचं वजन वाढवतं, तिची पकड सोडवतं. दरड पडण्याआधी बरेचदा वरच्या कडेला, कडेला समांतर अशी बारीक भेग दिसते. ती बघायला सकाळी कुणीतरी वर जायला हवं. खाली उभं राहून ती दिसत नाही. पावसाच्या दिवसांत ही पहिली फेरी झाल्याशिवाय मशिन सुरू करू नका, मुकादम कितीही घाई करो.

दुसरा धोका रस्त्यांचा. चोर्ला घाटात कडेचा कठडा तुटलेला दिसला की आपण गाडी आत घेतो. खाणीतल्या रस्त्यालाही तसाच मातीचा बांध लागतो, त्याला बर्म म्हणतात. तिथल्या सगळ्यात मोठ्या गाडीच्या चाकाइतका तरी तो उंच हवा. चढ १६ ला १ पेक्षा तीव्र नको, म्हणजे सोळा फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. गाडी मागे घेताना भोंगा वाजलाच पाहिजे. भोंग्याचा कंटाळा येतो म्हणून त्याची वायर काढणारे ड्रायव्हर आहेत. त्यांना पहिल्या दिवशीच समज द्या.

सुरुंगाचं थोडक्यात सांगतो, कारण तुमचा त्याच्याशी संबंध नसावा हेच बरं. स्फोट फक्त डीजीएमएसचं प्रमाणपत्र असलेला ब्लास्टर करतो. तुमच्या माणसांना एवढंच कळू दे: भोंगा झाला की निघायचं, 'ऑल क्लिअर' झाल्याशिवाय परतायचं नाही, जुन्या भोकाच्या उरलेल्या बुडात पुन्हा ड्रिल घालायचं नाही, आणि मालात वायर किंवा कांडी दिसली की मशिन आहे तिथे थांबवायचं. २०२१ च्या जानेवारीत शिवमोग्ग्याजवळ हुणसोडूला आणि पुढच्याच महिन्यात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात खडीच्या खाणींशी संबंधित स्फोटकं उडाली. दुसऱ्या घटनेत सहा जण गेले. ती स्फोटकं दगड फोडायला भिंतीत लावल्यावर फुटली नाहीत, ने-आण करताना आणि हाताळताना फुटली.

धुळीला आवाज नसतो, म्हणून तिची भीती वाटत नाही. गिरणीवाल्याच्या अंगावरचं पीठ दिसतं, झटकता येतं. दगडाच्या धुळीतला जो कण फुप्फुसात खोलवर जातो तो डोळ्यांना दिसतच नाही. त्यात सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश असेल तर सिलिकोसिस होतो, आणि त्यावर औषध नाही. काळ्या दगडात हा अंश कमी असतो. गोकाककडच्या गारगोटीच्या, वालुकाश्माच्या दगडात तो भरपूर. तोंडाला टॉवेल बांधून हा कण अडत नाही. ड्रिल करताना पाणी सोडायचं किंवा धूळ ओढणारं यंत्र लावायचं, हा खरा उपाय आणि तोच नियम.

"हे सगळं परवडायचं कसं?"

परवडत नाही, कारण आपण दर सांगताना हे धरतच नाही. डिझेल, पगार, हप्ता, टायर एवढा हिशेब करून भाव देतो आणि काम मिळाल्यावर कळतं की नऊ माणसांचं प्रशिक्षण, तपासण्या, हेल्मेट, बूट, विमा बाकी आहे. प्रशिक्षणाचे दिवस म्हणजे गाड्या उभ्या राहण्याचे दिवस. मग सगळ्यात सोपी वाट सुचते ती कामगाराच्या पगारातून कापण्याची. ती बेकायदेशीर आहे. सुरक्षेसाठी आणि आरोग्यासाठी जे काही द्यायचं, वैद्यकीय तपासणीसुद्धा, त्याचा एक रुपयाही कामगाराकडून घेता येत नाही असं नव्या संहितेत स्पष्ट आहे.

म्हणून निविदा भरण्याआधी एकदा खाणीवर जा आणि मॅनेजरला विचारा: प्रशिक्षण कुठे होतं, किती दिवस लागतात, तपासणी कोण करतं, खर्च कुणाचा? उत्तर लेखी घ्या आणि मग आकडा टाका. "मी जास्त भाव सांगितला तर दुसरा काम घेऊन जाईल," असं म्हणाल. जाईल कदाचित. पण त्याच्याही गाड्या फाटकावर अडतील.

अपघात झालाच तर

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे चांगली माणसंही चुकतात.

माणूस जखमी झाला की त्याला आधी दवाखान्यात न्यायचं, यात दुमत नाही. चूक त्यानंतर होते. कुणीतरी सुचवतं की खाणीचं नाव नको, रस्त्यात गाडीवरून पडला म्हणून सांगू. घरच्यांना थोडे पैसे देऊ, मिटवू. सांगणाऱ्याला वाटतं आपण सगळ्यांना वाचवतोय. प्रत्यक्षात त्या कुटुंबाच्या हातून भरपाईचा कायदेशीर हक्क निसटतो, कारण कागदोपत्री अपघात कामावर झालाच नाही. विमा कंपनी पैसे नाकारते, कारण पॉलिसी कामावरच्या अपघाताची आहे. आणि खोटी माहिती दिली म्हणून मूळ चुकीवर दुसरा गुन्हा चढतो, तो तुमच्या नावावर.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर मॅनेजरला ताबडतोब कळवा. तिथून डीजीएमएसला लगेच सूचना जायलाच हवी. निरीक्षक येईपर्यंत किंवा त्यानं परवानगी देईपर्यंत अपघाताची जागा हलवायची नाही. माणसाला वाचवायला, मृतदेह काढायला किंवा दुसरा अपघात टाळायला जेवढं लागेल तेवढंच हलवा. गाडी धुऊ नका, दगड बाजूला सारू नका. पुढे ठरवायचं असतं ते हेच, की दरड कुठून सुटली आणि बर्म होता की नव्हता. सगळं नीट पाळलेल्या कंत्राटदाराला ती न हलवलेली जागाच वाचवते.

कर्तव्यात कसूर झाल्यामुळे कुणी गेला तर नव्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला निम्म्याहून कमी नसेल इतका भाग मृताच्या वारसांना द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

"इतकी वर्षं कुणी तपासायला आलं नाही," हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकतो. अपघाताच्या दिवशी मात्र येतात, आणि तेव्हा मागच्या सगळ्या तारखांचे कागद मागतात.

पाटी कानडीत, माणूस मराठी

आपल्या भागातली खरी अडचण ही आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. फाटकावरची पाटी कानडीत आणि इंग्रजीत, शिकवणारा हिंदीत बोलतो, मशिनवरचा माणूस मराठी, ड्रिलवरचे दोघे ओडिशाचे. सगळे मान डोलावतात आणि सह्या करतात. हा भाषेच्या अभिमानाचा प्रश्न नाही. 'अंडरकट' हा शब्द ज्याला कळला नाही, तो खालून पोखरणारच. कंत्राटदारानं स्वतः प्रशिक्षणाला बसावं, आणि जे कळलं नाही ते आपल्या माणसासाठी तिथल्या तिथे मराठीत विचारून घ्यावं. नंतर त्या माणसाकडून ते उलट वदवून घ्यावं. तो मान डोलावतो त्यावर जाऊ नका, तो काय सांगतो ते ऐका.

खानापूरच्या त्या कंत्राटदारानं हेच केलं. दोन आठवडे गाड्या उभ्या राहिल्या, त्याचं नुकसान झालं, तो चिडलाही. पण प्रशिक्षणाला तो नऊ जणांसोबत पहिल्या बाकावर बसला. शेवटच्या दिवशी त्याच्या बारा वर्षांच्या अनुभवी ऑपरेटरला मास्तरांनी विचारलं, सकाळी मशिन सुरू करण्याआधी काय करणार? तो म्हणाला, "आधी वर चढून भेग हाय का बघणार. मग खाली येणार."